फुलपात्रावरचं नाव

मे महिन्यातली रात्र. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात पंखा पाचवर होता, तरी घामाच्या धारा थांबत नव्हत्या. लेकीने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "आज तुझ्या लहानपणीचा सिनेमा बघू." तो मी लहानपणी पाहिलेला नव्हता. पण १९८६ साली निघालेला म्हणजे माझ्या लहानपणीचाच, असा तिचा हिशोब. जिम हेन्सनचा 'लॅबिरिंथ'. लेक आता १३ वर्षांची आहे. माझी आई खाली चटईवर लसूण सोलत बसली होती. तिला इंग्रजी संवाद कळत नाहीत, पण ती माणसांच्या तोंडाकडे बघत बसते आणि बहुतेक सगळं तिला समजतं.

गोष्ट थोडक्यात सांगते. सारा नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. तिची आई त्या घरात नाही. ती नटी आहे, तिचे फोटो आणि कात्रणं साराच्या आरशाभोवती लावलेली आहेत. वडिलांनी दुसरं लग्न केलंय आणि त्यांना टोबी नावाचं लहान बाळ आहे. त्या संध्याकाळी वडील आणि सावत्र आई बाहेर जाणार आहेत, बाळाला साराने सांभाळायचंय. ती बागेत एकटीच नाटकातलं भाषण पाठ करत राहते, उशीर होतो, पावसात भिजत घरी येते, दारातच बोलणी खाते आणि मग तिची आदळआपट सुरू होते. बाळ रडायचं थांबत नाही. तेव्हा ही त्याला गोष्ट सांगता सांगता बोलून जाते, की बागुलबुवांनो या आणि ह्याला आत्ताच्या आत्ता घेऊन जा. ते खरंच येतात आणि नेतात. त्यांचा राजा म्हणजे डेव्हिड बोवी. तो तिला १३ तास देतो. तेवढ्या वेळात चक्रव्यूह पार करून वाड्यापर्यंत पोचलीस तर बाळ तुझं, नाहीतर ते आमच्यातलंच एक होणार.

लेकीचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागला. "शी, किती आगाऊ आहे ही! बाळाने काय घोडं मारलंय हिचं?"

मी म्हटलं, "पुढे बघ तरी."

"पुढे ती सुधारणार, माहितीये मला. पण आत्ता तरी मला तिचं काहीच वाटत नाहीये."

आईने लसणाची पाकळी बोटात धरून विचारलं, "ते अस्वल बाळाजवळ कोणी ठेवलं गं?"

लेकीला प्रश्न कळला नाही. मला कळला. मी आईकडे पाहिलं, तर ती पुन्हा खाली मान घालून सोलायला लागली होती.

त्या अस्वलाचं नाव लान्सलॉट. साराच्या खोलीत खेळण्यांनी आणि पुस्तकांनी भरलेली मांडणी आहे, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. ती रागारागात वर येते तेव्हा तिच्या लक्षात येतं, की लान्सलॉट जागेवर नाही. माझ्या खोलीत पुन्हा कोणीतरी शिरलं होतं, असं ती ओरडते. त्यातला 'पुन्हा' फार महत्त्वाचा आहे. म्हणजे हे पहिल्यांदा झालेलं नाही. अस्वल सापडतं टोबीच्या पाळण्याजवळ. ती ते झडप घालून उचलते, टोबी रडत असतो, आणि बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की एक घोडमी मुलगी तान्ह्या बाळाजवळचं खेळणं काढून घेतेय.

पण टोबीला धड चालताही येत नाही. तो उठून तिच्या खोलीत गेलेला नाही. कोणीतरी मोठं माणूस तिथे गेलं, मांडणीवरून ते अस्वल उचललं आणि बाळाला दिलं. वाईट हेतूने दिलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. बाळ रडत असेल, हाताशी मऊ काहीतरी हवं असेल, एवढी मोठी झाली, तिला आता काय करायचंय त्याचं, असा विचार झाला असेल. मुद्दा असा, की तिला कोणी विचारलं नाही, आणि सिनेमा संपेपर्यंत ह्याबद्दल कोणी तिच्यापाशी चकार शब्द काढत नाही.

आणि तो दाराचा प्रसंग. ती खोलीत कोंडून घेते, वडील तिच्याशी बोलायला जिना चढून येतात. बोलतात काय, तर बंद दाराबाहेर उभं राहून, की बाळाचं खाणं झालंय, त्याला झोपवलंय, आम्ही निघतो, मध्यरात्रीपर्यंत येऊ. आतून ती टोमणा मारते, की माझ्याशी बोलायची भारीच ओढ लागली होती तुम्हाला, दार मोडायचंच बाकी ठेवलंत. वाक्य उर्मट आहे, कबूल. पण ते सरळ करून वाचलं तर त्यात एकच गोष्ट उरते: दार उघडा ना, बाबा. ते उघडत नाहीत. खाली जातात.

सावत्र आईही दुष्ट नाही बरं का. ती वैतागून नवऱ्याला म्हणते, की मी काहीही बोलले तरी ही मला गोष्टीतल्या दुष्ट सावत्र आईसारखीच वागवते. ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अशी एक बाई मी फार जवळून पाहिली आहे. ती माझी आई.

माझे जन्मदाते वडील मी पाच वर्षांची असताना गेले. १९९२ साली, मी आठ वर्षांची असताना, आईने रजिस्टर लग्न केलं आणि आम्ही दोघी नौपाड्यात राहायला आलो. तीन मजली जुनी इमारत, मधे चौक, चौकाभोवती गॅलऱ्या. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशोब बघत. त्यांची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. घरात एक मुलगी होती, १५ वर्षांची, दहावीला. ती माझी ताई झाली. म्हणजे मला तसं सांगण्यात आलं. तिला काय सांगण्यात आलं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिला एका रविवारी तलावपाळीवर भेळ खाता खाता सांगितलं होतं, की पुढच्या महिन्यात घरात माणसं वाढतील, तुलाही सोबत होईल. हो की नाही, असं विचारलं नव्हतं.

(हे सगळं ताईला विचारून लिहिते आहे. तिने मसुदा वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली. ती पुढे येईल.)

मराठीत 'सावत्र' ह्या एकाच शब्दात आपण सगळं कोंबतो. सारा आणि टोबी यांचे वडील एकच, म्हणजे ते अर्ध्या रक्ताचे. ताईच्या आणि माझ्या अंगात रक्ताचा एक थेंबही सामायिक नाही. तरी आम्हीही सावत्र आणि तेही सावत्र. सवत, सापत्न, सावत्र हे सगळे शब्द एकाच कुळातले. एका नवऱ्याच्या दोन बायका एका घरात नांदत, त्यांच्या पोरांची भांडणं त्यांच्या नावाने लागत, त्या काळातले. हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली ते घरच मोडीत काढलं. आता सावत्रपण येतं ते मरणातून किंवा घटस्फोटातून. शब्द मात्र जुनाच राहिला, आणि त्याच्यासोबत सवतीमत्सराची जुनी गोष्टही चिकटून राहिली. आमच्या घरात सवत नव्हती, एकीचा फोटो भिंतीवर होता. पण भांडी होती.

ज्यांच्या घरात लग्नातली स्टीलची भांडी आहेत त्यांना हे सांगायला नको. ताट, वाटी, डबा, पातेलं, प्रत्येकावर नाव घातलेलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, बोट फिरवलं की किंचित खरखरीत लागणारं. ताईच्या आईच्या माहेरून आलेल्या सगळ्या भांड्यांवर तिचं तीन अक्षरी नाव होतं आणि खाली १९७५. माझी आई त्या घरात आली तेव्हा कणीक मळायची परात त्या नावाची, कुकरची भांडी त्या नावाची, दुधाचं पातेलं त्या नावाचं. दिवसातून दोनदा ती ते नाव घासायची आणि पुसून मांडणीवर लावायची. आईचं वय तेव्हा ३० होतं. ह्या गोष्टीचा विचार मी स्वतः चाळिशीला आल्यावर केला, त्याआधी कधी केला नव्हता.

ताई तिला कशानेच हाक मारत नसे. आई नाही, मावशी नाही, काकूही नाही. अगदीच बोलायची वेळ आली तर 'तुम्ही'. बाहेरच्यांना वाटायचं, काय सुसंस्कृत मुलगी आहे, सावत्र आईला अहोजाहो करते. आपल्याकडे आईला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. त्या 'तुम्ही'ने तिने आईला रोज दिवसातून दहा वेळा दाराबाहेर उभं केलं. बाकी सगळा कारभार माझ्यामार्फत चाले. "तुझ्या आईला सांग, मला डब्यात भाजी नको." आई दोन हातांवर उभी असायची.

आणि माझ्याशी ती जे वागली ते वाईटच होतं. माझ्या वहीवर लिहिलेलं नवं आडनाव तिने खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडलं. चौकात मुली लगोरी खेळायच्या तिथे सांगितलं, की ही आमची नाही, हिला आम्ही ठेवून घेतलंय. शाळेत निघताना माझी रिबीन ओढून सोडायची. (मी आधी 'वेणी ओढायची' असं लिहिलं होतं. "वेणी कधीच ओढली नाही, रिबीन ओढायचे," असं ताईने बजावलं. बरोबर आहे तिचं.) एकदा दिवे गेले होते तेव्हा अंधारात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तू आणि तुझी आई जिथून आलात तिथे परत जा." सिनेमात बागुलबुवा येतात. मी रात्रभर जागी राहून वाट पाहिली, की आता आम्हाला न्यायला कोण येणार.

म्हणून मी टोबीच्या बाजूची आहे. हे स्पष्ट सांगते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते कोणा तिऱ्हाइताचं उदार मत नाही.

फुलपात्र फुटत नाही, पण त्याला पोचा पडतो. त्या वर्षी श्रावणात मी तापाने पडले होते. आईने मला दूध दिलं ते मांडणीवरच्या कडेच्या फुलपात्रातून. बाकीची भांडी घासायला पडली होती, हे हाताशी होतं. ते फुलपात्र ताईचं होतं. म्हणजे तिच्या आईचं नाव असलेलं, पण त्यातून पाणी फक्त तीच प्यायची आणि वापरून झालं की स्वतः विसळून त्याच कोपऱ्यात पालथं घालायची. आईला हे माहीत असायला हवं होतं का? दोन महिने झाले होते. मला वाटतं, माहीत होतं, पण त्या घाईत लक्षात राहिलं नाही. मी ते घेऊन गॅलरीत गेले, कठड्यावर ठेवलं, आणि माझा हात लागून ते दुसऱ्या मजल्यावरून खाली चौकातल्या फरशीवर पडलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आधी खणकन, मग गोल गोल फिरत थांबल्याचा.

ताई क्लासहून येत होती. चौकातच तिने ते उचललं. वर आली आणि माझ्या थोबाडीत मारली. अंगात १०२ ताप असलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या. मग सगळ्या गॅलऱ्या भरल्या. शेजारच्या काकूंनी मला पोटाशी घेतलं. कोणीतरी म्हणालं, "पोरक्या पोरीवर हात उचलतेस? देव बघतोय." बाबा घरी आल्यावर तिला म्हणाले, "एवढी मोठी झालीस, एका भांड्यासाठी?"

पोरकी मी ठरले. तिलाही आई नव्हती, पण त्या संध्याकाळी हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

त्या रात्री मला जाग आली ती ठक ठक आवाजाने. स्वयंपाकघरात दिवा होता. ताई खाली फतकल मारून बसली होती, फुलपात्र मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं, आणि खलबत्त्यातला बत्ता आतून घालून ती तो पोचा बाहेर काढायचा प्रयत्न करत होती. हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून दोन ठोक्यांमध्ये थांबून. पोचा नावावरच पडला होता, मधल्या अक्षरावर. तिने एकदा फुलपात्र दिव्याकडे धरून त्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती रडत नव्हती, अगदी मन लावून काम करत होती. मी अंथरुणात परत गेले आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी माझी बाजू घेतली होती, आणि ते मला हवं होतं. हे सांगितलं असतं तर त्यातला थोडा वाटा तिला गेला असता.

लहान असणाऱ्याला हा अधिकार मिळतो. तो खराच असतो, त्याला खरंच लागलेलं असतं. पण एका घरात जणू सहानुभूतीचं एकच ताट वाढलेलं असतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला 'तू मोठी' म्हणून पंक्तीतून उठवलं जातं. तिचं दुःख दिसायला वाईट असतं. ते डोळ्यांत पाणी आणत नाही, ते दार आपटतं. सारा ज्या सुरात सारखं 'हा अन्याय आहे' म्हणते तो सूर ऐकवत नाही, लेकीने तर कानांवर हात ठेवले. राजाही तिला त्यावरून चिडवतो. पण ती खोटं बोलतेय का? तिची आई गेली, वडील दाराबाहेर राहिले, अस्वल नेलं. आपल्या नशिबाला आलेलं नीट शब्दांत मांडणं जमलं असतं, तर ती पंधरा वर्षांची कशी असती?

सिनेमाने मात्र एक मोठी गोष्ट केली आहे. त्याने संपूर्ण कथा तिच्या हातात दिली. चक्रव्यूहात आपण तिच्याच पायांनी चालतो. इतर गोष्टींत सावत्र बहिणीला एवढी जागाच मिळत नाही. सिंड्रेलाच्या बहिणींना काय मिळालं? डिस्नेच्या १९५० च्या सिनेमात मोठे पाय आणि कर्कश आवाज. ग्रिम बंधूंच्या कथेत तर फार भयंकर आहे. चपलेत पाय बसत नाही, तेव्हा एक बहीण अंगठा कापते आणि दुसरी टाच. शेवटी पक्षी दोघींचे डोळे फोडतात, आणि आपण पुस्तक मिटून म्हणतो, बरी खोड मोडली. सुरी त्यांच्या हातात कोणी दिली? त्यांच्या आईने. काप म्हणाली, राणी झालीस की चालायला लागणारच नाही तुला. पुन्हा तेच. मोठ्याने वस्तू हातात द्यायची आणि शिक्षा पोराला.

आपल्याकडची गोष्ट घ्या. ध्रुवबाळ सगळ्यांना माहीत आहे. उत्तानपाद राजाच्या मांडीवर सावत्र भाऊ उत्तम बसलेला, ध्रुवही चढायला गेला, तर सुरुची म्हणाली, ह्या मांडीवर बसायचं तर माझ्या पोटी जन्म घ्यायला हवा होतास. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला त्या उत्तमचा राग यायचा. तो का बसला होता मांडीवर? अरे, पण बापाच्या मांडीवर बसलेलं पोर ते. गोष्टीत त्याला एक वाक्यही नाही. बोलायला हवं होतं ते उत्तानपादाने, आणि तो गप्प बसला. ध्रुवाला अढळपद मिळतं तिथे बहुतेकांची गोष्ट संपते. भागवतात पुढे आहे, की उत्तम शिकारीला गेलेला असताना एका यक्षाने त्याला मारलं, आणि ध्रुव त्या भावासाठी यक्षांवर चालून गेला. इतका संतापून, की शेवटी आजोबा मनूला मधे पडून त्याला आवरावं लागलं. मांडीवरून ज्याच्यापायी ढकललं गेलं, त्याच भावासाठी! हा भाग मला मोठेपणी वाचायला मिळाला, आणि बराच वेळ मी पुस्तक तसंच धरून बसले होते.

कोणी विचारेल, मग ताईने मारलं ते बरोबर का? नाही. ते चूक होतं, आणि आठ वर्षांच्या माझ्या गालावर ते उमटलं. साराने बाळाला 'घेऊन जा' म्हटलं तेही चूक होतं, म्हणून तर तिला १३ तास धावावं लागलं. सहानुभूती वाटायला आधी गुन्हा माफ करावा लागतो, असं लेकीला वाटतं. मला तसं वाटत नाही. गाल चोळता चोळताही समोरच्याला काय झालंय ते दिसू शकतं. मला त्या रात्री दिसलंच होतं.

आणि सारा पुढे सुधारते म्हणून ती आवडून घ्यायची, हेही मला पटत नाही. मग दार आपटणाऱ्या मुलीला आपण काहीच देत नाही, फक्त परीक्षा पास झालेल्या मुलीला बक्षीस देतो. सांभाळून घ्यायची गरज तिला पहिल्या दहा मिनिटांत होती.

आमच्या घरात सुधारण्याचा असा एखादा दिवस आलाच नाही. ताई बारावी झाली, नोकरीला लागली, माझ्या दहावीला भूमितीची प्रमेयं समजावून दिली, तीही चिडचिड करतच. २००१ साली लग्न झालं. पुढल्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, कारण माहेर तेवढंच होतं. आईने डिंकाचे लाडू केले, शेकशेगडी केली, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. कळा सुरू झाल्या तेव्हा मी तिथेच होते. ताईने आईचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगडी पिचली, आणि म्हणाली, "मावशी, तू जाऊ नकोस." दहा वर्षांनी पहिल्यांदा हाक, आणि पहिल्यांदा 'तू'. आईने वर पाहिलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाली, "इथेच आहे मी." मला हा प्रसंग फार प्रिय आहे. पण तो घडला नसता, ताई जन्मभर 'तुम्ही'च म्हणत राहिली असती, तरी ती रात्री बत्ता घेऊन बसलेली मुलगी तीच होती.

सिनेमाच्या शेवटी सारा बाळाला परत आणते. घरी येऊन आरशावरची आईची कात्रणं काढून खणात ठेवते. आणि लान्सलॉट टोबीजवळ ठेवून सांगते, की आता हा तुझा. लेक खूश झाली. "बघ, झाली ना शहाणी!" माझ्या घशात मात्र काहीतरी अडकलं. मोठं होणं म्हणजे देऊन टाकणं, असंच का? ती भावाला घरी घेऊन आली, त्याच्यासाठी स्वतःची सगळी स्वप्नं नाकारली, एवढं पुरेसं नव्हतं? अस्वल तिच्या मांडणीवर राहिलं असतं आणि टोबीला दुसरं मिळालं असतं, तर काय बिघडलं असतं? मी लेकीला हे म्हटलं. ती म्हणाली, "पण तिने स्वतःहून दिलं ना, आई." तेही खरं आहे. न विचारता नेलेलं आणि आपल्या हाताने दिलेलं, ह्यात फरक आहेच. आम्ही दोघी त्यावर दिवा मालवेपर्यंत बोलत होतो. तिचं मत थोडं हललं, माझंही.

आजी मधेच उठून झोपायला गेली होती.

नौपाड्यातली इमारत आता पुनर्विकासाला गेली आहे. बाबा आता नाहीत. जूनच्या पहिल्या रविवारी घर रिकामं करायला आम्ही जमलो. ताई नेरूळहून ट्रान्स हार्बर लोकलने आली, आई खुर्चीत बसून काय कुठे ठेवायचं ते सांगत होती. माळ्यावरून भांड्यांची पोती खाली काढली. जांभळी नाक्यावरून आईने वर्षानुवर्षं एकेक करून आणलेली तिची भांडी एका बाजूला, नाव असलेली दुसऱ्या बाजूला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आईच्या एकाही भांड्यावर नाव नाही. दुकानात नाव घालून देतात, फुकट देतात, तरी तिने कधी घातलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "कशाला? कोणीही वापरावं."

नाव असलेल्या ढिगात ते फुलपात्र होतं. ताईने चष्मा वर करून ते डोळ्यांजवळ नेलं. मधलं अक्षर अजून आत दबलेलं, भोवती बत्त्याचे बारीक उंचवटे. लेक शेजारीच बसली होती, तिला मी श्रावणातली ती गोष्ट सिनेमाच्या रात्रीच सांगितली होती. ती श्वास रोखून ताईकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता ती हे फुलपात्र माझ्या हातात देणार. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं.

ताईने साडीच्या पदराने ते पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वतःच्या पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं.

"बाकीची भांडी तुम्ही घ्या किंवा मोडीत घाला," ती म्हणाली. "मावशी, चहा टाकू का? गॅस अजून चालू आहे ना?"

"टाक," आई म्हणाली. "आलं खिडकीत आहे."